क्षमा आणि सुटका : खानदेशच्या इतिहासातील दोन धडे

सुधारलेल्या गुन्हेगारास क्षमा करावी काय, आणि क्षमा केली तर त्यास मोकळे सोडावे काय, असा प्रश्न कोणी चारचौघांत काढला की आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणतो, "कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच." दुसरा म्हणतो, "वाल्याचा वाल्मीकी झालाच ना?" दोन्ही उत्तरे तोंडपाठ असल्यामुळे विचार करण्याचे श्रम वाचतात, एवढाच त्यांचा उपयोग.

वाल्याची गोष्ट आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. एकेका खुनामागे एकेक खडा टाकीत त्याने सात रांजण भरले. पुढे नारद भेटले, बायकामुलांनी पापाचा वाटा नाकारला, पश्चात्ताप झाला, अंगावर वारूळ चढले आणि दरोडेखोराचा ऋषी झाला. गोष्ट थोर आहे. परंतु त्या रांजणांतील एकेक खडा म्हणजे एकेक वाटसरू होता. त्याच्या घरी कोण वाट पाहत होते, त्या घराने वाल्यास क्षमा केली की नाही, हे गोष्ट सांगत नाही. आणि ऋषी झालेला वाल्या वारुळातून बाहेर येऊन एखाद्या गावात राहावयास गेला असता, तर त्या गावाने त्यास जागा दिली असती काय, हेही ती सांगत नाही. आमच्या समजुतीने खरा प्रश्न या दोन न सांगितलेल्या ठिकाणीच आहे. पुराण तेथे थांबते. तेथून पुढे इतिहासास विचारावे लागते. आणि हा इतिहास शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. तो आपल्या खानदेशातच, जळगाव जिल्ह्यातील धरणगावी आणि धुळ्यावरून सेंधव्याकडे जाणाऱ्या आग्रा रस्त्यावर घडलेला आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला. तेव्हाचा खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे व त्यांस लागलेला काही मुलूख. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांसच जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, व १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निराळा निघाला. उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे, दक्षिणेस सातमाळ्याचे डोंगर आणि मध्ये तापीचे सुपीक खोरे. खोऱ्यात पीक पिकावे आणि डोंगरातून त्यावर डोळा असावा, अशी या मुलखाची ठेवण. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे ठिकाण केले, तेव्हा त्याच्यासमोरचा पहिला प्रश्न महसुलाचा नव्हता, तर डोंगरातील भिल्ल नाइकांचा होता. पन्नासांवर नामांकित नाईक आणि त्यांच्या शब्दासरशी उठणारी पाच हजारांवर माणसे, असा त्यांचा अंदाज त्या काळच्या इंग्रज लेखकाने नोंदवून ठेवला आहे.

ही माणसे जन्माने दरोडेखोर होती काय? मुळीच नाही. खानदेशात गावचा जागल्या भिल्ल, घाटाची राखण करणारा नाईकही भिल्ल. वाटसरू आणि माल सुखरूप पार पाडावा व त्याबद्दल आपला हक्क घ्यावा, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. १८०२-०३ च्या सुमारास होळकरांच्या फौजांनी मुलूख उजाड केला; पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला; गावे ओस झाली. जेथे राखावयास गाव उरले नाही तेथे जागल्याने काय राखावे, आणि हक्क तरी कोणापाशी मागावा? राखणदार लुटारू झाला तो असा.

त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. दुसऱ्या बाजीरावाचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने गोदावरीकाठच्या कोपरगावी भिल्लांना बोलण्याचालण्यासाठी म्हणून बोलाविले, विश्वासाने आलेल्या माणसांस दगा करून धरले आणि विहिरींत लोटून त्यांचा संहार केला. अशा कत्तली अन्यत्रही झाल्या. हा प्रसंग नीट ध्यानात ठेवावा. सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून डोंगरातून खाली उतरले तर विहीर मिळते, हा धडा भिल्लांच्या एका सबंध पिढीस सरकारनेच दिला होता. उद्या तेच किंवा दुसरे सरकार "तुम्हांस क्षमा केली, या" असे म्हणू लागले, तर त्यांनी काय म्हणून यावे? गुन्हेगाराच्या शब्दास पत नाही, असे आपण सहज बोलतो. क्षमा करणाराच्या शब्दासही पत लागते, ही गोष्ट आपण विसरतो.

इंग्रजांनी प्रथम जुनाच मार्ग धरला. पलटणी डोंगरात घुसल्या, पाड्यांचे दाणापाणी तोडले, चील नाइकासारख्या पुढाऱ्यास फाशी दिले. काही नाइकांस नेमणुका देऊन वळविण्याचेही प्रयत्न झाले. परंतु एक टोळी मोडावी तो दुसरी उठे. शिपाई हिवतापाने मरत आणि नाईक रानात नाहीसे होत. सात वर्षे असा खेळ चालला. अखेर १८२५ साली मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. मागील गुन्हे माफ करावे. जे डोंगरातून उतरतील त्यांस जमीन, बैल आणि नांगरासाठी तगाई द्यावी. ज्यांस नांगर धरवत नाही त्यांच्या हाती सरकारचीच बंदूक द्यावी आणि मुलखाची राखण पुन्हा त्यांजकडे सोपवावी. पुढे जो गुन्हा करील त्यास मात्र कडक शासन करावे, असे त्या धोरणाचे थोडक्यात स्वरूप होते. त्यासाठी तीन भिल्ल एजन्सी निघाल्या. कन्नडकडे शेतीवर भर होता. पलटण उभारण्याचे काम लेफ्टनंट जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या तरुणाकडे आले आणि त्याचे ठाणे धरणगावी पडले.

आउट्रमने काय केले? प्रथम त्याने हल्ला चढवून एका टोळीस आपला दरारा दाखविला, हे खरे. परंतु दराऱ्याने माणूस पळतो, जवळ येत नाही. पुढे तो पहाऱ्यावाचून एकटा त्यांच्या रानात गेला, त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकार खेळला, मद्याचे पेलेही फिरविले, आणि पुष्कळ खटपटीनंतर पाच माणसे त्याच्याबरोबर नशीब अजमावण्यास तयार झाली. फक्त पाच! पुढे ज्या खानदेश भिल्ल पलटणीत शेकड्यांनी शिपाई झाले तिचा आरंभ या पाच माणसांचा. कोपरगावच्या विहिरी ज्यांच्या आठवणीत ताज्या होत्या त्यांच्या झोपडीत रात्री एकट्याने निजणे, हे कोणत्याही लेखी जाहीरनाम्याहून मोठे वचन होते. आधी भिल्लांनी शस्त्रे टाकावी आणि मग सरकार विश्वास टाकील, हा क्रम येथे उलटा झाला. ज्याचे बळ अधिक होते त्याने आपला जीव आधी तारण ठेवला.

त्यानंतरचा एक प्रसंग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ही नवी पलटण मालेगावी गेली, तेव्हा तेथे आउट्रमची जुनी २३ वी पलटण होती. तिच्यात उच्चवर्णीय शिपाई पुष्कळ. कालपर्यंत ज्यांच्यावर बंदुका रोखल्या, ज्यांस जातीने आणि करणीने हीन लेखले, ते भिल्ल आज आपल्याच तोलाचे शिपाई म्हणून समोर उभे होते. अशा वेळी एखादा टोमणा, एखादे कुत्सित हसू पुरे झाले असते आणि आउट्रमचे सारे श्रम रानात गेले असते. परंतु त्या शिपायांनी नव्या शिपायांस सन्मानाने वागविले व पानसुपारी दिली. सरकारने क्षमा केली होती ती कागदावर. ती खरी झाली त्या पानसुपारीने. १८२८ साली खानदेशच्या कलेक्टराने वर कळविले की, वीस वर्षांत प्रथमच जिल्ह्यास सहा महिने स्वस्थता लाभली.

आता कोणी म्हणेल की, ही इंग्रजांची स्तुती झाली. तसे नाही. हे औदार्य हिशेबी होते. आग्र्याचा रस्ता निर्धोक हवा होता, महसूल हवा होता, आणि पलटणी पाठवून जे साधेना ते स्वस्तात साधावयाचे होते. शिवाय ज्या रयतेची गुरे गेली, खळी लुटली गेली, घरची माणसे कापली गेली, तिला कोणी विचारले नाही. सरकारने जे माफ केले ते वस्तुतः दुसऱ्याचे देणे होते. रयतेच्या पदरात पडली ती पुढची शांतता. ती मोलाची होती यात शंका नाही. परंतु रयतेची भरपाई ती नव्हे, आणि रयतेने दिलेली क्षमाही ती नव्हे. वाल्याच्या गोष्टीतील खडे येथेही मुकेच राहिले.

आता दुसरा धडा पाहू. सेंधव्याच्या घाटाची राखण करणाऱ्या घराण्यातील खाज्या नाईक हे कंपनी सरकारच्या पोलिसात नोकरीस होते. इंग्रजी कागदांत त्यांचे नाव काजरसिंग असे आढळते. त्यांनी धरलेला एक संशयित त्यांच्या हाती मरण पावला. त्याबद्दल १८५१ च्या सुमारास नाइकांवर खटला होऊन त्यांस दीर्घ मुदतीची कैद झाली. कैदेतील वर्तन चांगले म्हणून मुदत पुरी होण्याआधीच त्यांस सोडण्यात आले आणि पुढे घाटाच्या राखणीवर पुन्हा घेण्यात आले. म्हणजे आजच्या आपल्या विषयाचा हा हुबेहूब दाखला: गुन्हा, शिक्षा, सुधारणा, सुटका आणि गेलेली जागा परत.

आणि पुढे काय झाले? १८५७ चा वणवा पेटला आणि त्याच वर्षी खाज्या नाईक बंडात उतरले. इंदुरकडून मुंबईस जाणारा सात लाखांचा सरकारी खजिना सेंधव्याजवळ लुटला गेला. भीमा नाईक त्यांच्या जोडीस होते. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी निकराची लढाई झाली. धोंड्यांच्या आडून भिल्ल दिवसभर लढले. त्यांच्यापैकी पुष्कळ पडले, आणि धरलेल्यांतील कित्येकांस तेथल्या तेथे चौकशी करून गोळ्या घातल्या. समोरच्या फौजेत भिल्ल पलटणही होती; १८२५ च्या क्षमेची लेकरे १८५८ च्या बंडखोरांवर बंदुका झाडीत होती! पुढे १८६० साली खाज्या नाईक फितुरीने मारले गेले. भीमा नाइकांस काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

त्या काळच्या एखाद्या अंमलदारास विचारले असते तर तो म्हणाला असता, "पाहा, कैद्यास मुदतीआधी सोडल्याचे हे फळ!" आजचा खानदेशी माणूस खाज्या नाइकांस स्वातंत्र्ययुद्धातील वीर म्हणून मान देतो. दोघेही एकाच माणसाविषयी बोलत असतात. पण त्या अंमलदाराच्या बोलण्यातील तर्क तपासून पाहावा. नाइकांचा पहिला गुन्हा कोणता? सत्तेचा शिपाई असताना हाती सापडलेल्या माणसास मारणे. सुटल्यावर त्यांनी तो गुन्हा पुन्हा केला काय? नाही, ते सत्तेविरुद्धच उठले. पहिल्या करणीने एका असहाय माणसाचा जीव गेला होता, दुसरीने राज्यास आव्हान मिळाले. सरकारच्या वहीत दोन्ही नोंदी "गुन्हा" याच सदरात पडतात, म्हणून दोन्ही एक होत नाहीत. माणूस सुधारला याचा अर्थ तो यापुढे निरपराध्याच्या वाटेस जाणार नाही, असा होतो. तो यापुढे कधी मान वर करणार नाही, असा होत नाही. जे सरकार क्षमेच्या मोबदल्यात आज्ञाधारकपणा विकत घेऊ पाहते ते क्षमा करीत नाही, सौदा करते. आणि सौदा मोडला की त्यास कृतघ्नपणाची आठवण होते.

तथापि येथे आम्ही दुसऱ्या बाजूचेही म्हणणे मांडू. नाइकांच्या हातून मेलेल्या त्या अनामिक संशयिताचे काय? पुढील शौर्याने मागील मृत्यू धुऊन निघाला, असे म्हणावयास आमचे मन धजत नाही. शूर माणसाच्या चरित्रातही तो खडा रांजणात राहतोच. त्यास वीर म्हणावे आणि खडाही मोजावा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ज्या धुळ्यात अखेरचा श्वास घेतला त्या धुळ्याच्या श्रोत्यांस इतकी तोलदारी झेपेल, याविषयी आम्हांस शंका नाही.

इंग्रज सरकारने मात्र १८५७ पासून निराळाच धडा घेतला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ च्या कायद्याने त्याची पकड साऱ्या देशावर बसू शकली. सबंध जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणातील वसाहत! धरणगावच्या पाच माणसांत ज्या राज्याने शिपाई पाहिले, त्याच राज्याने पाळण्यातील मुलात चोर पाहिला. जेथे गुन्हा रक्तात मानला तेथे सुधारणेस जागा उरत नाही, आणि जेथे सुधारणा अशक्य तेथे क्षमेचा प्रश्नच उद्भवत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र भारताने हा कायदा रद्द केला. परंतु कायदा पुस्तकातून निघाला तरी शिक्का कपाळावरून लवकर निघत नाही, हे त्या जमातींतील माणसे आजही अनुभवीत आहेत.

उलट दिशेचे प्रयोगही आपल्याच महाराष्ट्रात झाले. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बिनभिंतींची वसाहत निघाली. खुनासारख्या गुन्ह्यांतील कैद्यांस तेथे शेती देऊन, कुटुंबासह राहू देऊन, त्यांच्या शब्दावर सोडण्यात आले. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे तिचे प्रवर्तक. या प्रयोगावरूनच माडगूळकरांची कथा आणि शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. कुंपण काढले म्हणजे कैदी पळतो, ही समजूत आटपाडीच्या माळाने खोटी पाडली. अर्थात तेथेही सुटकेबरोबर नांगर होता, हे विसरू नये.

धुळ्याचा संबंध आणखी एका प्रसंगाशी आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्याच विनोबांपुढे १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यातील वीस दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली. विनोबांनी त्यांस जवळ केले. पण ती माणसे घरी गेली नाहीत, कोर्टात गेली. त्यांच्यावर खटले चालले. संताने हृदयाशी धरले म्हणून कायद्याने कागद फाडले नाहीत. हा विरोध नव्हे. दोन निरनिराळ्या गोष्टी निरनिराळ्या हातांत असाव्या, हेच योग्य.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. क्षमा आणि सुटका या दोन शब्दांची आपण नेहमी गल्लत करतो. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा. ती त्याने केली तर त्याचे थोरपण, न केली तर त्यास कोणी दोष देऊ नये. मृताच्या वतीने क्षमा करणारा तर कोणीच नाही. सुटका ही मात्र राज्याची बाब आहे. राज्यघटनेच्या १६१ व्या अनुच्छेदाने राज्यपालांस शिक्षा माफ करण्याचा अधिकार दिला आहे. जन्मठेप म्हणजे सरकारने सूट दिली नाही तर आयुष्यभराची कैद, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर दिला. ज्या गुन्ह्यास फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यातील जन्मठेपीस किमान चौदा वर्षे तुरुंगात काढल्यावाचून सरकारने सूट देऊन सोडू नये, असे बंधन १९७८ साली कायद्यात आले. म्हणजे सुटका हा कैद्याचा हक्क नाही, तशी ती सरकारची लहरही नाही. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी गुजरात सरकारने अकरा जन्मठेपीच्या कैद्यांस सोडले. त्यांचा खटला मुंबईत चालला असल्यामुळे तो अधिकार गुजरातचा नव्हेच, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली आणि त्यांस पुन्हा तुरुंगात धाडले. न्यायालयाकडे दाद मागणारांत त्या गुन्ह्यात स्वतः होरपळलेली स्त्री होती, ही गोष्ट आम्हांस सर्वांत बोलकी वाटते. रांजणातील खडा या वेळी बोलला.

तेव्हा सुधारलेल्या गुन्हेगारास मोकळे करावे काय? आमचे उत्तर होय असे आहे. पण खानदेशच्या इतिहासाने शिकविलेल्या तीन गोष्टी पाळूनच. पहिली ही की, ज्याच्यावर अन्याय झाला त्यास आधी विचारावे आणि त्याची भीती आधी दूर करावी. १८२५ साली रयतेस कोणी विचारले नाही, ती चूक आपण पुन्हा करू नये. दुसरी ही की, सुटणाऱ्याच्या पायाखाली जमीन द्यावी. तगाई, नांगर, नोकरी यांवाचून दिलेली सुटका म्हणजे पुन्हा डोंगराची वाट दाखविणे होय. तिसरी ही की, त्याच्याकडून सचोटी मागावी, लाचारी मागू नये.

यांतील पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातच्या आहेत. तिसरी पुष्कळशी आपल्या हातची आहे. जळगावच्या किंवा धुळ्याच्या तुरुंगाचे दार उघडून एखादा माणूस शिक्षा भोगून बाहेर येतो, तेव्हा न्यायाधीशाने दिलेली शिक्षा संपलेली असते. मग त्यास खोली कोणी भाड्याने देत नाही, गिरणीत कोणी कामास लावीत नाही, आणि त्याच्या मुलीस सोयरीक येत नाही. ही दुसरी शिक्षा कोणत्या कलमाखाली, आणि किती वर्षांची? ती आपण देतो, आणि तिच्यावर अपील नाही. मालेगावच्या त्या शिपायांस कोणी हुकूम केला नव्हता. त्यांनी पानसुपारी पुढे केली एवढेच. आपल्यापुढे असा माणूस येईल त्या दिवशी आपल्या हातून काय पुढे होते, यावर त्याची सुटका खरी की खोटी हे ठरणार आहे.